फ्लॉपीच्या कपाळी कुंकू

कांबळे बाई जिना चढताना पायऱ्या मोजायच्या. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. एकोणीस पायऱ्या होत्या. एकोणिसावी झाली की उजवा हात पुढं करून दाराची चौकट चाचपायच्या, चपला काढायच्या आणि विचारायच्या, "हवालदार, लाईट आहे का?" असली तर मी म्हणायचो "हाय", नसली तर "न्हाई". पहिला महिनाभर आमचं याच्यापलीकडं बोलणं नव्हतं.

मला वाटायचं, ही बाई दिवसभर आकड्यांत राहते म्हणून हिला मोजायची खोड लागली असेल. पलटणीत आमचा एक सुभेदार असाच होता, जेवताना घास मोजायचा. मी खोड म्हणून सोडून दिलं.

ही गोष्ट सांगलीची, विश्रामबागेतली. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी पेन्शनीत आलो होतो. गाव माझं लोणंदकडं. घरी पोरांशी पटेना, मला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. मग पलटणीतल्या एका दोस्ताच्या ओळखीनं इकडं आलो. कापडदुकानाच्या वर पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता. तिथं राखणदार मी, शिपाई मी, चहा करणाराही मीच. मालक कोल्हापूरला राहायचे, आठवड्यातून एकदा यायचे. शिकवायला एकट्या कांबळे बाई. शिकायला वीस-बावीस जण, त्यात पोरी जास्त. यंत्रं चार.

माझं शिक्षण चौथी, आणि तीसुद्धा पुरी नाही. इंग्रजी अक्षरं मला पलटणीत आली, कारण माझ्याकडं पेट्या रंगवायचं काम होतं. कुणाच्या ट्रंकेवर नाव, कुठल्या खोक्यावर ठिकाण. सगळी अक्षरं मला ओळखता येतात, काढताही येतात, अगदी छापल्यासारखी. त्यांचा शब्द झाला की मात्र त्याचा अर्थ काय ते मला कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझी एकही पेटी कधी भलत्या गावाला गेली नाही.

बाई कवठे महांकाळ तालुक्यातल्या. उंच, काटक, तिशीच्या आतल्या. खडू अंबाड्यात खोचून ठेवायच्या, दुसरी बाई फूल खोचते तसा. दुपारपर्यंत अर्धं डोकं पांढरं व्हायचं. पोरी हसायच्या, तर म्हणायच्या, "तुम्हीच मला म्हातारं केलं." बोलणं दोन तऱ्हेचं. वर्गात पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, आणि जिन्यात आल्या की गावाकडचं. "हवालदार, आज लय डोस्कं खाल्लं पोरींनी. च्या टाका."

यंत्राला त्या "गडी" म्हणायच्या. नवीन तुकडी आली की पहिल्या दिवशी बटणाला हात लावू द्यायच्या नाहीत. सगळ्यांना जमिनीवर बसवायच्या आणि सांगायच्या, "ह्या गड्याला अक्कल नाही, हे आधी डोक्यात घ्या. तुम्ही म्हणाल बस, तर बसेल. ऊठ म्हणायला विसरलात तर जन्मभर बसून राहील. त्याला शिव्या देऊ नका. सांगणारा चुकला."

त्या जी भाषा शिकवायच्या तिच्यात प्रत्येक ओळीला नंबर असायचा. एक, दोन, तीन असा नव्हे. दहा, वीस, तीस. मला ते खटकलं. एक दिवस मी विचारलंच, "बाई, मधल्या नऊ जणांनी काय गुन्हा केला?"

"त्यांची जागा राखून ठेवलीय."

"कुणासाठी?"

"माणूस विसरतं, हवालदार. इसरल्यालं मागनं आठवलं, तर मधी घुसवाय जागा नको?"

त्यांचं सगळंच तसं होतं. वहीत एक ओळ लिहायच्या, दोन सोडायच्या. कुणाला दहाची वेळ दिली की पुढच्याला साडेदहाची. मला पटलं नाही. माझ्या मते माणसानं विसरूच नये. 

एक गोष्ट लिहावी की नको असा विचार दोन दिवस केला. लिहितो. पहिला महिनाभर मी त्यांना चहा द्यायचो, पण त्यांच्या हातचं काही खायचो नाही. कारण मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. वाचणाऱ्यालाही कळेल. एक दिवस त्यांनी भडंगाची पुडी आणली, कागदावर ओतली, कागद माझ्या स्टुलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या गड्याला दोनच गोष्टी कळत्यात. हो आणि न्हाई. तिसरं त्याला कळत न्हाई, म्हणून त्यो कधी आडून बसत न्हाई. तुमी तर माणूस हाय. बघा काय ते."

आणि वर्गात निघून गेल्या. मी बराच वेळ त्या भडंगाकडं बघत बसलो. मग खाल्लं. तिखट होतं. त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं.

लाईट जाणं रोजचंच होतं. लाईट गेली की दुसरीकडचे मास्तर पोरांना घरी सोडायचे. बाई गच्चीवर न्यायच्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला त्यांनी एकेक हुकूम लिहून ठेवला होता. एका पोरीच्या हातात एक पत्रिका, आणि सगळ्या नंबरानं रांगेत उभ्या. एक पोरगी ताट घेऊन रांगेतून चालायची, जिच्यासमोर येईल तिचा हुकूम पाळायची. एक दिवस अशीच लाईट गेली आणि एक पोरगी आली नव्हती. बाई म्हणाल्या, "हवालदार, तुम्ही या. तुम्ही 'जर' व्हा."

"म्हंजी काय करायचं?"

"फाटकावरचा संतरी. ताटात बरोबर पाच शेंगदाणे असले तर पुढं सोडायचं. नसले तर माघारी पाठवायचं, वीस नंबरकडं."

हे काम मी बावीस वर्षं केलेलं. छाती काढून उभा राहिलो. ताट फिरवायला रेखा नावाची पोरगी होती, बुधगावहून यायची, तोंडाची लय फटकळ. वीस नंबरच्या पोरीनं ताटात एकेक दाणा टाकायचा होता, पण तिच्या पत्रिकेवर बाईंनी मुद्दाम दोन लिहिलेलं. रेखा पहिल्यांदा आली, दोन दाणे. माघारी. मग चार. माघारी. मग सहा.

"सोडा की काका," रेखा म्हणाली.

"पाच हायत का?"

"सहा हायत. पाचापेक्षा जास्तच हायत की!"

"हुकूम पाचाचा हाय. सहाचा न्हाई. माघारी."

आठ झाले, दहा झाले, चौदा झाले. पोरी लोळून हसायला लागल्या. रेखा घामाघूम. "काका, संध्याकाळची गाडी जाईल माझी!"

"जाऊ दे. माघारी."

दाणे ताटाबाहेर सांडायला लागले तरी मी हललो नाही. बाई कठड्याला टेकून हसत खाली बसल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. म्हणाल्या, "बघा गं, नीट बघा ह्यांच्याकडं! हाच आपला गडी. चूक कुणाची? संतऱ्याची नाही. पाच म्हणून सांगणाऱ्याची. त्यानं 'पाच किंवा जास्त' म्हणायला पाहिजे होतं."

माझी स्तुती झाली की काय झालं ते मला कळलं नाही. पण त्या दिवसानंतर पोरी मला 'जर काका' म्हणायला लागल्या आणि मी ते चालवून घेतलं.

आता मुख्य गोष्ट.

बाई वर्षभर एक प्रोग्राम लिहीत होत्या. क्लास सुटला की रोज तासभर. त्यांच्या भागात उन्हाळ्यात टँकरनं पाणी यायचं. कुठल्या गावाला आधी जायचं, कुठल्याला मागनं, यावरून दरसाल भांडणं व्हायची. बाईंचा प्रोग्राम असा होता की गावात माणसं किती, जनावरं किती, विहिरीत किती दिवसांचं पाणी उरलंय, रस्ता किती लांब, हे सगळं आत घातलं की टँकरनं कुठल्या गावाला कधी जायचं ते ओळीनं बाहेर यायचं. साताऱ्याच्या एका कॉलेजात शिकवायची पक्की जागा निघाली होती. उमेदवारानं स्वतः लिहिलेला प्रोग्राम आणायचा, तिथल्या यंत्रावर चालवून दाखवायचा, आणि परीक्षक सांगतील तो बदल त्यांच्यासमोर करायचा. परीक्षा दिवाळीच्या तोंडावर होती.

आमच्या यंत्रांच्या पोटात काही राहत नसे. बटण बंद केलं की सगळं कोरं. ठेवायचं ते फ्लॉपीवर ठेवायचं. फ्लॉपी म्हणजे काळी चौकोनी पातळ वही असावी तशी, मधोमध लांबट फट, आणि त्या फटीतून आतली तपकिरी चकती दिसायची. बाईंच्या प्रोग्रामची एक फ्लॉपी होती आणि तिची एक नक्कल. दोन्ही एकाच डब्यात.

दसऱ्याला बाईंच्या लोकांचा मोठा दिवस असतो. धर्मांतराचा. त्या दोन दिवस आधीच गावी गेल्या. मी क्लासवर एकटा. खंडेनवमी आली. खंडेनवमीला मी आजवर हत्याराची पूजा चुकवलेली नाही. पलटणीत रायफलीची केली, गावी कुऱ्हाडीची, नांगराची. इथं हत्यार कुठलं? मी आंघोळ करून चारही यंत्रं कोरड्या फडक्यानं पुसली, झेंडूच्या माळा घातल्या. मग पाट मांडला आणि डब्यातल्या सगळ्या फ्लॉप्या काढून ओळीनं पाटावर ठेवल्या. म्हटलं, खरी विद्या तर यांच्यात आहे. कुंकू लावायचं कुठं? ती मधली फट दिसली. मला वाटलं, हेच तिचं कपाळ. कुंकू पाण्यात कालवलं, आणि एकेका फ्लॉपीच्या कपाळाला नीट बोट टेकलं. वर अक्षता. मनातल्या मनात म्हणालो, बाईंचं काम होऊ दे.

दसरा झाल्यावर बाई आल्या. एकोणीस पायऱ्या, चौकट, "लाईट आहे का?" "हाय." फ्लॉपी यंत्रात घातली. यंत्र करकर करायला लागलं, दाताखाली खडा आल्यासारखं. दुसरी घातली. तेच. बाईंनी ती काढून फटीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"कुंकू?"

"व्हय. नवमीची पूजा केली." मी ताठ उभा होतो.

"सगळ्यांना लावलं?"

"एकबी सोडली न्हाई."

बाई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "मी पूजा करीत न्हाई, हवालदार. माझ्या वाटणीची पण तुमी करून टाकली."

मला तेव्हाही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "पूजेनं कुणाचं वाईट हुईत न्हाई." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ती तपकिरी चकती म्हणजेच पाटी. तिच्यावर डोळ्याला न दिसणारं लिहिलेलं असतं. ओलं लागलं की ती गेली. मी विचारलं, पुसून बघू का? तर म्हणाल्या, "आता हात लावू नका." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यापुढं मला उभं राहता येतं.

मग त्यांनी कपाटातून कागदाची एक लांब घडी काढली. प्रोग्राम आधी एकदा छापून ठेवला होता, छापायच्या यंत्राची शाईची फीत जुनी झालेली असताना. त्यांनी तो कागद नाकापाशी धरला, मग खिडकीत नेला, तिरका करून बघितला. आणि माझ्याकडं दिला.

"ह्यात काय दिसतंय का?"

"दिसतंय की. फिकं हाय, पर दिसतंय."

"मला न्हाई दिसत."

"मग चष्मा लावा."

"चष्म्याचं काम न्हाई ते." मग त्या बोलल्या. डोळ्याच्या मागचा पडदा सुकत चालला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, याच्यावर औषध नाही. वडलांचं तेच झालं, चाळिशी गाठायच्या आत. उजेड कळतो, माणूस आहे हे कळतं, अक्षर मात्र विरघळतं. मी आठवायला लागलो. पायऱ्या मोजणं. चौकट चाचपणं. यंत्राच्या पडद्यावर आलेलं रोज पोरींकडून मोठ्यानं वाचून घेणं. ती शिकवायची पद्धत आहे असं मी समजत होतो, आणि पोरीही तेच समजत होत्या.

"मालकाला सांगू नका," बाई म्हणाल्या. "साताऱ्याचं होऊ द्या. एकदा पक्की झाले की कोण काढत न्हाई. शिकवाया डोळं लागत न्हाईत. हितं लागतंय." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "हा प्रोग्राम उभा राहिला नाही तर मात्र जायला तोंड न्हाई. सगळा डोक्यात हाय, पर आकडं डोक्यात न्हाईत. आकडं कागदावर."

दोन-अडीच आठवडे होते. दुपारी एक ते चार क्लास बंद असायचा. मी कागद धरून बसायचो आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचो. त्या ऐकून यंत्रावर बोटं चालवायच्या. त्यांची बोटं बघत नव्हती, तरी चुकत नव्हती. अक्षरं मला येत होती, आकडे येत होते. पण त्या भाषेत भलतीच चिन्हं. त्यांना मी माझी नावं दिली. टिंबाखाली शेपूट. डावी चंद्रकोर, उजवी चंद्रकोर. चांदणी. काठीवरचा साप. बाई पहिल्यांदा थांबल्या. "काठीवरचा साप काय?"

"यस हाय आणि त्याच्यातनं काठी गेलीया."

"डॉलर! आवं, डॉलर म्हणत्यात त्याला." हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "साप घेतला. पुढं?"

भांडणंही झाली. एकदा मी वाचलं, चारशे वीस, आणि पुढं काही अक्षरं. बाई म्हणाल्या, "तसं नसणार."

"तसंच हाय."

"परत बघा."

"बाई, मी बघितलंय. कागदावर हाय ते मी वाचतो. नसल्यालं वाचत न्हाई."

त्या डोळे मिटून बसल्या. ओठ हलत होते. मग एकदम म्हणाल्या, "तुमचंच बरोबर. मीच तवा चुकल्ये. आन् वरीसभर ही चूक घिऊन बसल्ये." आणि ओळ बदलली. त्या दिवशी मला कुणी सुभेदार केलं असतं तरी एवढं वाटलं नसतं.

पण रोज कागद उघडताना एकच मनात यायचं. माफी मागावी. 'बाई, माझं चुकलं,' एवढे तीन शब्द. मला जन्मात कधी ते म्हणता आलेले नाहीत. बायकोला म्हणालो नाही, पोरांना नाही. तोंडापर्यंत यायचे आणि मी वाचायला लागायचो. डावी चंद्रकोर. एन. उजवी चंद्रकोर.

परीक्षेच्या तीन दिवस आधी प्रोग्राम चालला. ह्या वेळी नव्या फ्लॉप्यांवर पाच नकला केल्या, पाच ठिकाणी ठेवल्या. एक माझ्या ट्रंकेत.

साताऱ्याला मी बरोबर गेलो. बाई नको म्हणाल्या, पण मी ऐकणारा नव्हे. कॉलेजच्या व्हरांड्यात सात-आठ उमेदवार होते, सगळे टाय लावलेली पोरं. बाईंचा नंबर शेवटचा. आदल्या पोरांना आत जाता-येता बघून मी दारापासून टेबलापर्यंतची पावलं मोजली. बाईंना हळूच सांगितलं, "सरळ अकरा, मग डावीकडं दोन. खुर्ची लाकडी."

"लय शाना हाय तुमी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. अकरा पावलं, दोन पावलं, खुर्ची. कुणाला कळलंही नसतं.

दार अर्धं उघडं होतं. मी बाहेरच्या बाकावरून सगळं बघत होतो. आत तिघं होते. मधले परीक्षक वयस्कर, पांढऱ्या केसांचे, बोलायला मऊ. बाईंनी प्रोग्राम चालवला. छान चालला. तिघंही पुढं वाकून बघत होते. टँकरचा प्रोग्राम त्यांनी कधी बघितला नसणार. मग मधले म्हणाले, "समजा, अजून एक गाव वाढलं. तर?"

"नाव सांगा, माणसं सांगा, पाणी किती दिवसांचं ते सांगा," बाई म्हणाल्या. त्यांनी काहीतरी सांगितलं. बाईंची बोटं धावली. दोन ओळी मधी घातल्या, एक बदलली. मी मनात म्हटलं, झालं. जिंकलं.

तेवढ्यात ते म्हातारे परीक्षक बाईंच्या चेहऱ्याकडं बघायला लागले. पडद्याकडं नव्हे, चेहऱ्याकडं. बाईंचं तोंड पडद्याच्या जरा बाजूला होतं. त्यांचं त्यांना कळत नव्हतं. परीक्षकांनी हात पुढं केला, आणि पडद्याच्या खाली उजेड कमी-जास्त करायचं जे लहानसं चाक असतं, ते हळूच फिरवलं. आवाज झाला नाही. पडदा काळा झाला. यंत्र आत घुमतच होतं.

"वाचा," ते म्हणाले. "काय उत्तर आलं?"

मी उभा राहिलो. अकरा पावलं लांब होतो. ओरडावं वाटलं, बाई, पडदा काळा केलाय त्यांनी! पण ओरडून काय झालं असतं? दिसत नाही हे मीच जाहीर केलं असतं. गप्प बसावं तरी तेच. फाटकावर उभं राहून समोर माणूस पडताना बघायचा आणि जागा सोडायची नाही, तसं झालं. हात-पाय होते, जीभ होती, एकाचाही उपयोग नव्हता.

बाई क्षणभर थांबल्या. मग काळ्या पडद्यासमोर ताठ बसून त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं गाव, सोमवार सकाळ. दुसरं गाव, सोमवार दुपार. ह्या क्रमानं नऊच्या नऊ गावं. नवीन वाढवलेलं गाव चौथं आलं, आणि चौथ्याचं पाचव्यावर गेलं, तेही सांगितलं. आवाज कुठं हलला नाही.

परीक्षकांनी चाक परत फिरवलं. तिघांनी पडदा वाचला. मग एकमेकांकडं बघितलं.

"बरोबर आहे," म्हातारे म्हणाले. "आता आपण निघू शकता."

आम्ही स्टँडवर आलो. सांगलीच्या गाडीला अर्धा तास होता. बाकावर बसलो. वर अजिंक्यताऱ्यावर ऊन होतं. शेवटी मी म्हटलं, "बाई, झ्याक झालं."

"चाक फिरवलं ना त्यांनी?"

मी धोतराचा सोगा झटकला.

"हवालदार, अक्षर दिसत न्हाई मला. उजेड दिसतोय की. समोरचा उजेड गेला, एवढं कळत न्हाई व्हय?"

"मग थांबला का न्हाई? म्हणायचं, दिसत न्हाई म्हणून."

"त्यांनी उत्तर इचारलं. दिसतंय का असं कुठं इचारलं?" पदरानं तोंड पुसलं. "तुमी वाचल्यालं आकडं आता डोक्यात बसल्यात. उत्तर माझ्याकडं होतं. दिलं."

"आता काय हुईल?"

"चांगली माणसं दिसली. तोंडावर न्हाई म्हणायची न्हाईत. पत्र पाठवतील."

पत्र आलं. दिवाळी होऊन महिना झाला होता. बाई वर्गात होत्या, रेखा आणि दुसऱ्या दोघी यंत्रावर बसलेल्या. टपालवाल्याकडून मी पाकीट घेतलं, बाईंचं नाव ओळखलं, आणि आनंदानं आत नेलं. बाई म्हणाल्या, "वाचा."

"हितंच?"

"हितंच. तुमीच वाचा."

इंग्रजी पत्र होतं. चांगल्या फितीवर छापलेलं, एकेक अक्षर मोत्यासारखं. मी पाय जुळवून उभा राहिलो आणि दुपारचा कागद वाचायचो तसा, एकेक अक्षर, खणखणीत आवाजात वाचायला लागलो. डब्ल्यू, ई. जागा. आर, ई, जी, आर, ई, टी. जागा. टी, ओ. रेखाची बोटं थांबली. मला वाटलं, पोरी माझं वाचन ऐकायला थांबल्या. मी आवाज आणखी चढवला. चार ओळी होत्या. अर्धविराम, पूर्णविराम, खालची सही सोडून सगळं वाचलं. बाईंनी मधी एकदाही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "एकपण अक्षर चुकला न्हाईत, हवालदार." आणि फळ्याकडं वळल्या. खडू अंबाड्यातून काढला. फळ्यावर मात्र काही लिहिलं नाही.

मी बाहेर येऊन बसलो. थोड्या वेळानं रेखा आली. तिचं नाक लाल झालं होतं.

"काका, काय वाचलं ते कळलं का तुमाला?"

"अक्षरं कळली."

"न्हाई म्हणालेत त्ये," ती म्हणाली. "खेद वाटतो म्हणत्यात. डोळ्यांमुळं."

ते तीन शब्द मी तेव्हाही म्हणू शकलो नाही. आत गेलो, चहा ठेवला, बाहेर आलो.

मालकांना बाईंनी स्वतःच सांगितलं. मालक वाईट नव्हते, पण क्लास चालवायचा होता. त्यांनी दुसरा मास्तर बघितला. माघ महिन्यात बाईंचा भाऊ त्यांना न्यायला आला. सामान म्हणजे एक बॅग आणि वह्यांचं गाठोडं. गाठोडं मी उचललं, कुणाला उचलू दिलं नाही. विश्रामबागेच्या थांब्यावर कवठे महांकाळची गाडी आली. भावानं त्यांना खिडकीशी बसवलं. मी गाठोडं आत दिलं, खाली उतरलो आणि गाडीच्या मागच्या दाराशी उभा राहिलो. म्हटलं, आता म्हणू. खिडकीपाशी जाऊ आणि म्हणू.

कंडक्टरनं घंटी दिली. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. पण त्या बघत होत्या पुढं, उसाच्या रसाच्या गाड्याकडं. त्यांना वाटलं मी तिथं आहे. मी तिथं नव्हतो, गाड्याशेजारी एक विजेचा खांब होता. त्या खांबाकडं बघून हसत होत्या, हात हलवत होत्या.

गाडी हलली. मी धावलो. त्या वयात, सगळ्या थांब्यासमोर, धोतर सावरत धावलो आणि त्या खांबाला टेकून उभा राहिलो, ताठ, तोंड खिडकीकडं करून. रसवाला म्हणाला, "काय झालं काका?" मी त्याच्याकडं बघितलं नाही. बाईंचा हात अजून हलत होता, आता बरोबर माझ्याकडं.